ध्रुवीय हिमातील शिसे मोजणारे क्लेअर पॅटरसन कोण होते? पेट्रोलमधील विष त्यांनी कसे उघड केले?

पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे, हे आपण शाळेत शिकतो. ते ज्यांनी मोजले, त्या क्लेअर पॅटरसन यांचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ही मोजणी करताना या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाला एक गोष्ट सतत छळत होती. जिथे नसायला हवे तिथे शिसे सापडत होते. टेबलावर, पाण्यात, हवेत, केसांत. हे शिसे येते कुठून, याचा शोध घेत ते ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या हिमापर्यंत पोहोचले. तिथे मिळालेल्या पुराव्याने एका बलाढ्य उद्योगाचा मुख्य दावा मोडीत काढला. अत्यल्प प्रदूषक कसे मोजावे, हा त्यांनी घालून दिलेला धडा आजही ध्रुवीय संशोधनात वापरला जातो.

कोण होते क्लेअर पॅटरसन?

पॅटरसन यांचा जन्म २ जून १९२२ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या मिचेलव्हिल या छोट्या गावात झाला. ग्रिनेल कॉलेजमध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. तिथेच लॉर्ना मॅक्लिअरी यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि पुढे दोघांचा विवाह झाला. १९४४ मध्ये आयोवा विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झाल्यावर अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पासाठी, म्हणजे मॅनहॅटन प्रकल्पासाठी, ते ओक रिज येथे गेले. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राशी त्यांचा परिचय झाला. एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, म्हणजे समस्थानिके, वेगळी करून मोजण्याचे काम हे यंत्र करते. युद्ध संपल्यावर ते शिकागो विद्यापीठात पीएचडीसाठी दाखल झाले. मित्रमंडळी त्यांना ‘पॅट’ म्हणत.

पृथ्वीचे वय मोजताना शिसे आडवे कसे आले?

शिकागोत त्यांचे मार्गदर्शक होते हॅरिसन ब्राउन. युरेनियमचे अणू ठरावीक वेगाने क्षय पावतात आणि शेवटी त्यांचे शिसे होते. त्यामुळे एखाद्या खडकातले युरेनियम आणि शिसे अचूक मोजता आले, तर त्याचे वय काढता येते. ब्राउन यांनी काम वाटून दिले. जॉर्ज टिल्टन यांनी झिरकॉन या खनिजातले युरेनियम मोजायचे, पॅटरसन यांनी शिसे.

टिल्टन यांचे आकडे जुळले, पॅटरसन यांचे जुळेनात. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त शिसे दिसत होते. खनिजात ते असणे शक्य नव्हते. मग पॅटरसन यांनी एकेक वस्तू तपासायला सुरुवात केली. नळाच्या पाण्यात शिसे होते, काचेच्या भांड्यांत होते, बाटलीतल्या रसायनांत होते, खोलीतल्या धुळीत होते. काम करणाऱ्याच्या त्वचेवर आणि कपड्यांवरही होते. मोजायची वस्तू इतकी सूक्ष्म होती की, तिच्यावर पडणारी धूळच तिच्याहून मोठी ठरत होती.

‘अतिस्वच्छ’ प्रयोगशाळा म्हणजे काय?

१९५२ मध्ये पॅटरसन ब्राउन यांच्यासोबत कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत गेले. तिथे त्यांनी शिसे आत येऊच नये अशी प्रयोगशाळा उभी केली. गाळलेली हवा दाबाने आत सोडली जाई, त्यामुळे दार उघडले तरी हवा बाहेर जाई. बाहेरची धूळ आत येत नसे. रसायने पुन्हा पुन्हा शुद्ध केली जात. भांडी आम्लात बुडवून ठेवली जात. आत येणाऱ्याला डोके झाकून, प्लास्टिकचा पोशाख आणि हातमोजे घालूनच काम करावे लागे.

सर्वात महत्त्वाची होती ‘ब्लँक’ चाचणी. नमुना न घालता सारी प्रक्रिया जशीच्या तशी करायची आणि शेवटी किती शिसे दिसते ते पाहायचे. जे दिसेल ते नमुन्यातले नव्हे, प्रयोगशाळेतले. हा आकडा माहीत नसेल, तर खऱ्या नमुन्याच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

या तयारीचे फळ १९५३ मध्ये मिळाले. ॲरिझोनात पडलेल्या कॅन्यन डायब्लो या लोखंडी अशनीतले शिसे त्यांनी वेगळे केले आणि आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजले. अशनी आणि पृथ्वी एकाच काळात घडल्याचे गृहीत धरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे निघाले. १९५६ मध्ये त्यांनी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यात चुकीची शक्यता जेमतेम सात कोटी वर्षांची होती. सत्तर वर्षांत हा आकडा जवळपास तसाच राहिला आहे.

पेट्रोलमध्ये शिसे घालत का?

एवढ्यावर थांबले असते तरी पॅटरसन यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात राहिले असते. पण प्रयोगशाळेतले ते शिसे कुठून आले, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

१९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना असे आढळले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले तर इंजिनातली ‘नॉकिंग’, म्हणजे ठोके पडल्यासारखी खडखड, थांबते. शिशाच्या एका अणूला चार एथिल गट जोडलेले हे सेंद्रिय संयुग पेट्रोलमध्ये सहज विरघळते. १९२३ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते तयार करणारे कामगार विषबाधेने भ्रमिष्ट झाले आणि काहींचा मृत्यू झाला. थोडा काळ विक्री थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. इंजिनात जळल्यानंतर हे शिसे अतिसूक्ष्म कणांच्या रूपात धुरातून बाहेर पडे आणि वाऱ्यावर दूरवर जाई.

उद्योगाची बाजू मांडणारे प्रमुख तज्ज्ञ होते डॉ. रॉबर्ट किहो. त्यांचे म्हणणे असे की, शिसे निसर्गात असतेच, माणसाच्या शरीरातही असतेच. शरीर ते बाहेर टाकते. रक्तातले प्रमाण दर डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, तर धोका नाही. चार दशके हाच विचार मान्य होता, कारण ज्याला ज्याला तपासले त्याच्या रक्तात शिसे सापडतच होते.

‘सर्वसाधारण’ म्हणजेच ‘नैसर्गिक’ का?

पॅटरसन यांचा आक्षेप नेमका इथे होता. सगळ्यांच्या रक्तात शिसे आहे, एवढ्यावरून ते नैसर्गिक ठरत नाही. सगळेच एका धुरात राहत असतील, तर तुलना कोणाशी करणार? ज्याचे शरीर स्वच्छ आहे असा एकही माणूस उरला नसेल, तर ‘सर्वसाधारण’ हा शब्दच फसवा ठरतो.

पहिला इशारा समुद्राने दिला. मित्सुनोबू तात्सुमोतो यांच्यासह १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पॅटरसन यांना पृष्ठभागावरच्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त शिसे आढळले. समुद्राचे वरचे आणि तळाचे पाणी मिसळायला शेकडो वर्षे लागतात. म्हणजे वरचे शिसे अलीकडे आणि हवेतून आलेले होते.

१९६५ मध्ये त्यांनी आरोग्यविषयक नियतकालिकात एक दीर्घ निबंध लिहिला. पृथ्वीच्या कवचात, नद्यांत आणि अन्नात नैसर्गिकरीत्या किती शिसे असावे याचा हिशेब मांडून त्यांनी दाखवले की, सामान्य अमेरिकी माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. निबंधावर टीकेची झोड उठली. खडकांवर काम करणाऱ्याने वैद्यकात नाक खुपसू नये, असा सूर होता. हिशेब कागदावरचा आहे, असेही म्हटले गेले. त्यामुळे मोटारी येण्यापूर्वीची खरी हवा दाखवणारा पुरावा हवा होता.

पुराव्यासाठी हिमच का?

ध्रुवीय प्रदेशात पडलेले हिम वितळत नाही. दरवर्षीचा थर आदल्या वर्षीच्या थरावर बसतो आणि दबून त्याचे बर्फ होते. हिमाबरोबर त्या वर्षीच्या हवेतली धूळ, मीठ आणि धुरातले कणही गाडले जातात. खाली खणत जाल तसे आपण मागच्या काळात जातो. जवळपास ना गाव, ना कारखाना, ना झाडझाडोरा. एखादी जुनी चोपडी वर्षानुवर्षे कोणी न उघडता ठेवावी, तशी ही नोंद जपलेली असते.

अडचण एकच होती. या हिमात शिसे अतिशय कमी असते. पुरातन बर्फात ते दर किलोला ०.००१ मायक्रोग्रॅमहून कमी भरले. याचा अर्थ १०० कोटी लिटर पाण्यात, म्हणजे ऑलिम्पिकच्या साधारण ४०० जलतरण तलावांत, एक ग्रॅम शिसेही नाही. अशा ठिकाणी डिझेल इंजिनाचा धूर किंवा फावड्याचे पाते सारी नोंद पुसून टाकायला पुरेसे होते.

नमुने कसे गोळा केले?

१९६० च्या दशकाच्या मध्यात पॅटरसन यांचे पथक ग्रीनलँडमध्ये अमेरिकी लष्कराच्या कॅम्प सेंच्युरी या बर्फाखालच्या तळाच्या परिसरात गेले. अंटार्क्टिकातही नमुने घेतले गेले. बोटभर नमुना पुरणार नव्हता. मोजण्याइतके शिसे मिळावे म्हणून हिमाचे मोठमोठे ठोकळे कापावे लागत. ताज्या हिमासाठी तळाच्या धुरापासून दूर, माणसाचा पाय न पडलेली जागा शोधली जाई. गोठवणाऱ्या थंडीत, आम्लाने धुतलेले प्लास्टिकचे हातमोजे आणि स्वच्छ पोशाख घालून ही माणसे ठोकळे कापत होती.

मासायो मुरोझुमी, त्सायह्वा चाऊ आणि पॅटरसन यांचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिशाबरोबर जमिनीची धूळ आणि समुद्री मीठही मोजले होते. त्यामागे कारण होते. शिसे धुळीबरोबर नैसर्गिकरीत्या आले असेल, तर धूळ वाढेल तेव्हाच शिसे वाढायला हवे. धूळ तितकीच आणि शिसे मात्र वाढलेले असेल, तर ते माणसाने सोडलेले.

हिमाने काय सांगितले?

ग्रीनलँडमध्ये इसवी सनपूर्व ८०० च्या सुमाराच्या बर्फात शिसे दर किलोला ०.००१ मायक्रोग्रॅमहून कमी होते. १९६५ च्या सुमाराच्या हिमात ते ०.२ मायक्रोग्रॅमच्या वर गेले होते. म्हणजे दोनशेपटीहून अधिक वाढ. सन १७५० नंतर, औद्योगिक क्रांतीबरोबर, शिसे गाळणाऱ्या भट्ट्यांमुळे आलेख चढू लागला. सर्वात उभी चढण १९४० नंतरची होती. शिसेयुक्त पेट्रोलवर धावणाऱ्या मोटारी वाढल्या तोच हा काळ. धूळ आणि मीठ यांत अशी वाढ नव्हती.

अंटार्क्टिकात आकडे बरेच कमी होते. बहुतेक मोटारी आणि कारखाने उत्तर गोलार्धात आहेत आणि दोन गोलार्धांतली हवा सावकाश मिसळते, हे त्याचे कारण. पुढे आणखी स्वच्छ पद्धतीने केलेल्या मोजण्यांत दक्षिणेकडचे आकडे अजून खाली आले. पण निष्कर्ष बदलला नाही. शिसे ‘असतेच’ हे खरे, पण इतके कधीच नव्हते.

या कामाची किंमत काय मोजावी लागली?

पॅटरसन यांच्या समुद्रावरील संशोधनाला अमेरिकेतल्या पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेकडून निधी मिळत होता. १९६५ च्या निबंधानंतर तो थांबला. सार्वजनिक आरोग्य सेवेचे कंत्राटही पुढे चालू राहिले नाही. १९६६ मध्ये सिनेटर एडमंड मस्की यांच्या उपसमितीपुढे त्यांनी साक्ष दिली. सरकारी आरोग्य यंत्रणेने उद्योगाच्या आकडेवारीवर विसंबून राहणे चूक आहे, असे त्यांनी तिथे मांडले. किहो यांनीही त्याच समितीपुढे आपली बाजू मांडली. १९७१ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने हवेतल्या शिशावर समिती नेमली, तेव्हा या विषयातल्या सर्वात काटेकोर मोजणी करणाऱ्या माणसाला त्यात स्थान नव्हते. पुढच्या समितीत त्यांना घेतले गेले, पण बहुमताचा अहवाल त्यांना पुरेसा वाटला नाही. त्यांनी आपले स्वतंत्र मत त्याला जोडले.

इतर प्रयोगशाळांचे आकडे का जुळत नव्हते?

अनेक नामांकित प्रयोगशाळांना समुद्राच्या पाण्यात, माशांत, बर्फात पॅटरसन यांच्यापेक्षा कितीतरी जास्त शिसे सापडत असे. त्यामुळे चूक त्यांचीच असावी, असे वाटणे साहजिक होते. पॅटरसन यांचे उत्तर साधे होते. इतर जण स्वतःच्या प्रयोगशाळेतली धूळ मोजत आहेत.

१९८० मध्ये डोरोथी सेटल आणि पॅटरसन यांनी टुना माशाचे उदाहरण घेतले. समुद्रातल्या ताज्या माशात शिसे नगण्य होते. शिशाच्या डाखाने जोडलेल्या पत्र्याच्या डब्यातल्या माशात ते नैसर्गिक पातळीच्या सुमारे दहा हजारपट होते. ताज्या माशाची मोजणीच चुकीची असल्यामुळे दशकानुदशके हा फरक कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्यांनी पेरूमधील प्राचीन काळातल्या माणसांची हाडेही तपासली होती. त्यांच्या तुलनेत आजच्या अमेरिकी माणसाच्या हाडांत सुमारे ५०० पट शिसे होते. किहो यांच्या युक्तिवादात जो ‘स्वच्छ माणूस’ नव्हता, तो असा थडग्यात सापडला.

खोल बर्फासाठी त्यांनी वेगळी युक्ती वापरली. खोदयंत्राने काढलेल्या बर्फाच्या दांड्याची बाहेरची बाजू यंत्राच्या तेलाने आणि धातूने माखलेली असते. म्हणून एकेक थर बाहेरून आत छिलत जायचे आणि प्रत्येक थर वेगळा मोजायचा. आत जाताना शिसे घटत जाते. ज्या ठिकाणी ते घटायचे थांबते, तिथला आकडा बर्फाचा स्वतःचा. घटायचे थांबलेच नाही, तर नमुना टाकून द्यायचा.

शिसे पेट्रोलमधून केव्हा गेले?

हा बदल एकट्या हिमामुळे झाला नाही. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, शिशाने निकामी होणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मुलांच्या बुद्धीवर शिशाचा परिणाम दाखवणारे हर्बर्ट नीडलमन यांचे १९७९ चे संशोधन, या सर्वांचा त्यात वाटा आहे. मात्र शिसे नैसर्गिकच आहे, हा बचाव पॅटरसन यांच्या मोजण्यांनी काढून घेतला. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत पेट्रोलमधले शिसे टप्प्याटप्प्याने कमी झाले. १९७६-८० मध्ये अमेरिकी लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे दर डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅम होते. १९८८-९१ मध्ये ते २.८ वर आले. जे ‘सर्वसाधारण’ म्हणून सांगितले जात होते, ते दशकभरात तीन चतुर्थांशाहून अधिक उतरले.

हिमानेही साक्ष दिली. फ्रान्सच्या क्लॉद बुत्राँ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रीनलँडच्या हिमातले शिसे साडेसात पटींनी घटले आहे. हे पाहायला पॅटरसन हयात होते. १९९४ मध्ये त्यांच्याच सहभागातून आलेल्या निबंधाने ग्रीक-रोमन काळातल्या भट्ट्यांचा धूरही ग्रीनलँडच्या बर्फात शोधला. इसवी सनपूर्व ५०० ते इसवी सन ३०० या काळात तिथले शिसे नैसर्गिक पातळीच्या चौपट झाले होते.

१९८७ मध्ये त्यांची राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. १९९५ मध्ये पर्यावरण क्षेत्रातला टायलर पुरस्कार मिळाला. अंटार्क्टिकातल्या एका शिखराला आणि एका लघुग्रहाला त्यांचे नाव आहे. ५ डिसेंबर १९९५ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकण्यास अमेरिकेत पूर्ण बंदी आली ती त्यानंतर चारच आठवड्यांनी, १ जानेवारी १९९६ रोजी.

सेंद्रिय प्रदूषकांशी या कामाचा संबंध काय?

१९६९ मध्येच अंटार्क्टिकाच्या हिमात डीडीटी सापडल्याचेही प्रसिद्ध झाले. त्यानंतर पीसीबीसारखी औद्योगिक रसायने आणि अलीकडे पीएफएएस, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांत व जलरोधक कापडांत वापरली जाणारी ‘चिरंतन’ रसायने, ध्रुवीय हिमात मोजली जात आहेत. यातली बरीच रसायने उष्ण प्रदेशात हवेत उडतात, वाऱ्याबरोबर जातात आणि थंड प्रदेशात खाली बसतात.

मोजणीचा नियम मात्र पॅटरसन यांचाच. फरक फक्त भांड्यांचा. शिशासाठी धुतलेले प्लास्टिक चांगले. पीसीबीसाठी प्लास्टिक टाळून काच किंवा स्टील घ्यावे लागते. पीएफएएस काचेला चिकटून राहू शकते, म्हणून तिथे पुन्हा ठरावीक प्लास्टिक. नमुने घेणाऱ्याने जलरोधक लेप असलेले जॅकेटही घालायचे नसते, कारण जे शोधायचे तेच त्या जॅकेटवर असते. शिवाय एक रिकामे भांडे ध्रुवापर्यंत न्यायचे, तिथे उघडायचे, बंद करायचे आणि परत आणून मोजायचे. त्यात जे सापडेल ते प्रवासाचे, हिमाचे नव्हे.

भारतासाठी याचे महत्त्व काय?

भारतात एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगात वाहनांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जेरिया होता. तिथे २०२१ मध्ये विक्री थांबली. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे नमुने उणे २० अंश सेल्सिअसला जपून अभ्यासले जातात.

पण शिसे संपलेले नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि त्यातली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे उघड्यावरचे उद्योग, रंग आणि भेसळयुक्त मसाले ही त्याची काही कारणे. किहो यांच्या काळी ८० पर्यंत धोका नाही असे मानत. आज अमेरिकेत लहान मुलाच्या रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम आढळले तरी चौकशी सुरू होते. एखाद्या वस्तीत सगळ्याच मुलांच्या रक्तात शिसे आढळले, तर ते तिथले ‘सर्वसाधारण’ प्रमाण म्हणून सोडून देता येत नाही. त्या मुलांची तुलना शेजारच्या मुलांशी नव्हे, तर स्वच्छ शरीराशी करायला हवी.